चौथ्या कोपऱ्यातलं पान

ता. ३ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू अर्धं ऐकतोस आणि उरलेलं अर्धं मनाने भरतोस. मागच्या वेळी मी नवीन काम मिळालं म्हणाले, तर तू मामीला जाऊन सांगितलंस की कानशीचं लग्न ठरलं. म्हणून हे पत्र. नीट चष्मा लावून वाच.

काम मिळालंय ते सार्वजनिक वाचनालयाच्या मोठ्या दालनाच्या दुरुस्तीचं. हो, तेच दालन. बावीस वर्षांपूर्वी तू आणि बाबांनी ज्याच्या छताला प्लास्टरचं काम केलं होतं, तेच. आता छताखाली बांबूंचा पहाड बांधलाय, वर मी आणि माझी चार माणसं, आणि खाली वास्तुतज्ज्ञ बाई. बाई हुशार आहेत, पण त्यांना कागदाचं भारी वेड. दालनातल्या प्रत्येक नक्षीसाठी एक तक्ता भरून द्यायचाय: नाव, अर्थ, उपयोग, कारागीर. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथून चहूकडे फिरलेल्या कंगोऱ्याचा तक्ता मी पाच मिनिटांत भरला. अडलं ते पुढे.

दालनाला कोपरे चार. तिघांत कंगोरे एकमेकांना सरळ भिडतात. चौथ्यात, खिडकीच्या डाव्या हाताला, सांध्यावर वीतभर लांबीचं एक पान बसवलेलं आहे. एकच. समितीचे चिटणीस म्हणतात ते विद्येचं प्रतीक. ग्रंथपाल म्हणतात ते शांतता राखा म्हणून ओठावर ठेवलेलं बोट. पहारेकरी म्हणतो, तिथे पाल बसायची, ती झाकायला लावलंय. बाईंना यातलं काहीच पटत नाही. त्यांचं म्हणणं, पान लावायचं तर चारी कोपऱ्यांत, नाहीतर कुठेच नको. वीस फेब्रुवारीला समितीची बैठक आहे. तोवर या पानाचा अर्थ आणि उपयोग लिहून दिला नाही, तर ते खरवडून काढून कोपरा सपाट करणार.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, पान आहे, पान लिही. एवढं बोलून पंखा चालू केला आणि वर्तमानपत्रात तोंड घातलं. पंख्याने वर्तमानपत्र उडत होतं तरी वाचत बसले.

मामा, मी सहा वर्षांची असल्यापासून तू आमच्या घराचा जिना चढला नाहीस. आईला भेटायचं तर बागेत, स्टेशनवर, नाहीतर बाबा गावाला गेले की. का, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारायची सोडून दिली होती. पण या पानाचं नाव काढल्यावर बाबांचा चेहरा जसा झाला, तसाच तो तुझं नाव काढल्यावर होतो. तेव्हा आता विचारतेच. तुम्हा दोघांच्या हाताचं एकत्र असं हे दालन एवढंच काम उरलंय, आणि त्यातलं काही माझ्याच हातून पुसलं जावं असं मला वाटत नाही.

मामीला नमस्कार. तिला सांग, लग्न ठरलेलं नाही.

मायेत उणं पडू देऊ नये.

तुझी भाची,
कानस


ता. ११ जानेवारी

चि. कानस हीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मामीने लग्नासाठी साडी बघून ठेवली होती, ती आता नेसूनच टाकीन म्हणते. तुझं नाव मी कानस ठेवलं ते उगाच नाही. पाच वर्षांची असल्यापासून तू प्रत्येक गोष्ट घासघासून विचारतेस आणि समोरच्याचा भुगा करतेस.

आधी धंद्याचं बोलू. तुझ्या बाईंना सांग, कंगोरा म्हणजे नुसती शोभा नव्हे. भिंत आणि छत दोन वेगळ्या चालीची असतात, एक उभी एक आडवी, आणि त्यांच्या सांध्याला तडा जातोच. कंगोरा तो तडा पोटात घेतो. पत्र्याचा फर्मा कापायचा, लाकडी पट्टीवर बसवायचा आणि ओल्या प्लास्टरवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायचा. हात थांबला की संपलं. हे तुला ठाऊक आहे, बाईंसाठी लिहिलं.

आता पानाचं. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली जे जे शिकले, ते त्याला कोनपान म्हणायचे. मिस्त्रींचा नियम होता की एका माणसाने सगळी खोली ओढली असेल तर कोपऱ्यात पान लावायचं नाही. दोघांनी दोन टोकांनी सुरुवात केली असेल, तर जिथे दोघांचे हात मिळतात त्या एकाच कोपऱ्यात लावायचं. आणि लावताना दोघांनी शिडीवर चढून एकेका हाताने धरायचं, प्लास्टर घट्ट होईपर्यंत कोणी खाली उतरायचं नाही. कितीही सारखे फर्मे कापा, दोन माणसांचं काम सूतभर पुढेमागे होतंच. ते झाकायला पान. उपयोग झाला. अर्थ तुझ्या बापाला विचार.

त्या दालनात मी पान लावलेलं नाही. ऐक काय झालं ते, तू विचारलंस म्हणून सांगतो. दारापासून मी उजवीकडे निघालो, तुझा बाप डावीकडे. एकाच चित्रावरून दोघांनी आपापला फर्मा कापला होता. मी रेघेच्या बाहेरून कापला, त्याने आतून. सोळा दिवसांनी चौथ्या कोपऱ्यात आलो तर माझा कंगोरा एक सूत जाड. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बघणाऱ्याला कळलंही नसतं. पण तुझा बाप म्हणजे ओळंबा, केसभर कललेलंही त्याला खपत नाही. हे नावही मीच ठेवलेलं. तो म्हणाला, बाहेरून कापणं अडाणीपणा. मी म्हणालो, आतून कापणं कंजूषपणा. शब्दाने शब्द वाढला. चौदा माणसांसमोर तो म्हणाला की माझा हात भिंतीला चुना फासायच्याच लायकीचा आहे. त्यावर मी जे बोललो ते लिहायला आजही हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, माझी बहीण चुकीच्या घरात पडली. ती तेव्हा डबे घेऊन दारात उभी होती.

मी हत्यारं गोळा केली आणि निघून आलो. पुढे ऐकलं की कोपऱ्यात पान आहे. ते ओळंब्यानेच लावलं, माझी चूक झाकून मला उपकाराखाली ठेवायला. बावीस वर्षं तो त्याबद्दल एक शब्द बोलला नाही, यातच काय ते आलं.

ताईला सांग, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठवतो.

ममता आहेच, ती तशीच असो.

तुझा,
मामा


ता. १९ जानेवारी

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी पहाडावर बसून वाचलं आणि दोनदा वाचलं. मग घरी जाऊन बाबांचा पंखा बंद केला आणि समोर बसले.

आता बस, म्हणजे पडणार नाहीस. बाबा म्हणतात, पान त्यांनी लावलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कामावर आले तेव्हा ते आधीच लागलेलं होतं. त्यांना वाटलं तूच संध्याकाळी परत येऊन लावलंस, त्यांची बाजू बारीक आहे ती झाकून त्यांना खिजवायला. इतकी वर्षं ते तुझ्यावर याच गोष्टीसाठी रागावलेत. म्हणजे तुम्ही दोघे एकाच पानासाठी एकमेकांवर चिडून बसलात आणि ते दोघांपैकी एकानेही लावलेलं नाही. मी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत, पण वर्तमानपत्रही उचललं नाही.

कोपऱ्यात ओल शिरली होती, त्यामुळे पान नाहीतरी काढावं लागणारच होतं. काल सोडवायला गेले आणि त्याचे तीन तुकडे झाले. माफ कर, मी फार जपून काढत होते. तुकडे टेबलावर जुळवून पालथे केले, आणि मामा, मागच्या बाजूला कोंबडा. कोंबड्याचा तुरा, चोच आणि अर्धी शेपटी, प्लास्टरमध्ये स्वच्छ उमटलेली. हा कोंबडा मी जन्मापासून बघतेय. आमच्या घरी जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, ज्यात आई बटणं ठेवते, त्याच्या झाकणावर हाच उठावाचा कोंबडा आहे. कोंबड्याच्या दोन बाजूंना दोन अंगठ्यांचे ठसे आहेत. माझाच अंगठा लावून पाहिला, बरोबर बसला. बाबांचा त्यात अर्धाही मावणार नाही, आणि तुझा तर तू जाणतोसच.

तुकडे फडक्यात गुंडाळून आईसमोर ठेवले. तिने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली की बटणांचा डबा एकदा पुसायला हवा. मग बराच वेळ पुसत बसली. शेवटी एवढंच म्हणाली की भावाला मी स्वतः लिहीन. बाबांना अजून काही माहीत नाही.

तक्ता तसाच कोरा आहे. बैठकीला महिना उरलाय.

प्रेम वाढतं राहू द्यावं.

तुझी,
कानस


ता. २ फेब्रुवारी

चि. बंधूस,
अ. आ. वि. वि.

पत्र लिहायला बसले आणि तीन दिवस नुसता मायनाच लिहीत होते. आता एकदम लिहून टाकते.

पान मी लावलं. त्या दिवशी डबे घेऊन आले तेव्हा तुमचं दोघांचं सगळं ऐकलं. तू एका दाराने गेलास, हे दुसऱ्या दाराने, माणसं घरी निघून गेली, आणि डबे तसेच भरलेले. मी, सहा वर्षांची पोर आणि पहारेकरी एवढेच उरलो. पहारेकऱ्याने एक डबा खाल्ला. मी कोपऱ्याकडे बघत उभी राहिले. सोळा दिवस तुम्ही दोघे रोज जेवताना त्या कामाबद्दल बोलत होतात, आणि आता तो कोपरा उघडा.

मिस्त्रींचा नियम तुम्हा दोघांइतकाच मलाही ठाऊक होता. विसरलास की काय, तुमच्या दोघांच्या फुलांचे आणि वेलींचे साचे घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर मीच ओतत होते. घरी गेले, मातीत अंगणातलं पान दाबलं, प्लास्टर ओतलं, मागची बाजू सपाट यावी म्हणून हाताशी आलं ते झाकण वरून दाबलं. कोंबडा असतो हे घाईत लक्षातच आलं नाही. चारच्या सुमाराला परत गेले. पहारेकऱ्याने शिडी धरली, कोणी विचारलं तर पालीचं काहीतरी सांगेन असं कबूलही केलं, आणि पोर खाली बसून बिस्किटं खात होती. सोळा पायऱ्या मी मोजून चढले. आयुष्यात त्याआधी कधी स्टुलावर चढले नव्हते.

दोघांनी धरून लावायचं असतं. दोघे नव्हतात. म्हणून मी दोन्ही हात लावले. डावा तुझा म्हणून आणि उजवा यांचा म्हणून. प्लास्टर धरेपर्यंत तशीच उभी होते, हात भरून आले तरी सोडले नाहीत.

का सांगितलं नाही म्हणशील. मला वाटलं, पान बघून तुमच्यापैकी एक तरी दुसऱ्याला विचारेल की हे तू लावलंस का. विचारलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं. आठवडा वाट पाहिली, मग महिना, मग वर्ष. तुम्ही दोघे असे एकेक खांब, विचारायचं सोडून त्याचाही राग धरलात. मग वाटलं, आता सांगितलं तर दोघेही माझ्यावर उलटाल. निदान त्यासाठी तरी एक झाला असतात, हे मला परवा सुचलं. शहाणपण असं उशिरा येतं बघ.

तू ते घराबद्दल बोललास ते मला लागलं होतं. आता लागत नाही, पण लागलं होतं हे तुला माहीत असावं.

यांना काल सगळं सांगितलं. माळ्यावर चढून जुनी पेटी काढली, त्यात त्यांचा तो फर्मा अजून आहे. तो खिशात घालून वाचनालयात गेले आणि जेवायलाच परत आले. तक्त्यात काय लिहायचं ते मी पोरीला सांगितलंय.

तेल संपलं आहे. पण कोणाबरोबर पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझी,
ताई


ता. २१ फेब्रुवारी

रा. रा. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचा सराव राहिलेला नाही, तरी मुद्द्याचं लिहितो.

एक. मी चौथ्या कोपऱ्यातले दोन्ही कंगोरे पुन्हा मोजले. फरक एक सूतच आहे. वाढलेला किंवा घटलेला नाही.

दोन. वाचनालयाच्या कपाटात मूळ चित्र सापडलं, ज्यावरून आपण दोघांनी फर्मे कापले ते. माझा फर्मा त्यावर ठेवून पाहिला. ज्याने ते काढलं त्याने पेन्सिलीला टोक केलेलं नव्हतं. रेघच एक सूत जाड आहे. मी आतून कापलं, तुम्ही बाहेरून कापलंत. रेघेच्या हिशेबाने दोघेही बरोबर. हे तेव्हाच मोजलं असतं तर बरं झालं असतं. मोजणं माझं काम होतं.

तीन. तुमच्या हाताबद्दल मी जे बोललो ते खोटं होतं. त्या दालनातला तुमचा उजव्या भिंतीवरचा कंगोरा आजही एका दमात ओढल्यासारखा दिसतो. माझ्या भिंतीवर दोन ठिकाणी हात थांबलेला कळतो. बावीस वर्षं हे कोणाला दिसलं नाही, पण मला रोज माहीत होतं.

चार. काल समितीची बैठक झाली. पोरीने तक्ता वाचून दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचायला लावला आणि मग त्या पानाच्या बाजूने बोलल्या. ठरलं असं की पान राहील, पण नियमाप्रमाणे लागलं तरच. म्हणजे ज्यांनी कंगोरे ओढले त्या दोघांनी लावायचं. दालन एक मार्चला उघडणार. त्याआधी झालं नाही तर कोपरा सपाट. मी एकट्याने लावणार नाही, तो खोटेपणा होईल.

पाच. तुमची बहीण चुकीच्या घरात पडली असं आपण म्हणाला होतात. मी तिला विचारलं की तसं आहे का. ती म्हणाली, विचार करून सांगते. चार दिवस झाले. मला रात्री झोप नाही. तेव्हा लवकर ये बाबा, तू समोर असलास तर ती काहीतरी बोलेल. सकाळची गाडी पकड. शिडीला सोळा पायऱ्या आहेत, माझे गुडघे पूर्वीचे राहिले नाहीत, तू आधी चढ.

जुना स्नेह मोडलेला नाही असं मी धरून चालतो.

तुझा,
ओळंबा


ता. २३ फेब्रुवारी (कार्ड)

ती. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

पत्र तुम्हीवर सुरू झालं आणि तूवर आलं, तेव्हा ते तुझंच आहे याची खात्री पटली. मामीला वाचून दाखवताना मधेच चष्मा पुसायला थांबलो, म्हणून उरलेलं तिने मला वाचून दाखवलं. परवा सकाळच्या गाडीने निघतो. घराबद्दल बोललो ते चौदा माणसांसमोर बोललो होतो, चौदा माणसांसमोरच परत घेईन. माणसं जमवून ठेव. तेल आणतो आहे.

आशीर्वाद असावा.

तुझा,
मेहुणा


ता. २ मार्च

ती. मामास आणि मामीस,
शि. सा. न. वि. वि.

मामा, तू गाडीत बसलास आणि आईने लगेच विचारलं की तो छत्री विसरला का. विसरलास. मामीला सांगायचं आहे म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते, नाहीतर तू तिला अर्धंच सांगशील आणि त्यात हिरो तूच असशील.

मामी, मामा शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला आणि खाली बघून डोकी मोजायला लागला. अकरा भरली. तो म्हणाला, चौदा झाल्याशिवाय मी वर जाणार नाही. पहारेकऱ्याला बोलावलं, बारा झाले. तो तोच पहारेकरी आहे, त्या डब्याची चव त्याच्या अजून लक्षात आहे. दाराबाहेर दोन वाचक दालन कधी उघडतं म्हणून ताटकळत होते, त्यांना आत घेतलं. बिचाऱ्यांना काय चाललंय ते कळेना, पण उभे राहिले. मग मामाने सगळ्यांच्या देखत आपले शब्द परत घेतले. आवाज इतका मोठा लावला की ग्रंथपालांनी सवयीने ओठावर बोट ठेवलं. त्यानंतर बाबा दुसऱ्या पायरीवर चढले आणि त्यांनी चुना फासण्याबद्दलचे आपले शब्द परत घेतले. एक वाचक टाळ्या वाजवायला लागला.

नवं पान आईने ओट्यावरच ओतलं होतं, आणि झाकण तेच. मी म्हणाले सपाट झाकण आणते, तर माझ्यावर डोळे वटारले. तेव्हा मागे कोंबडा आहेच, तो आता भिंतीच्या आत गेला.

दोघे वर पोचले, एकेक हात लावला आणि लगेच भांडायला लागले. पानाचं टोक बाबांना अगदी सरळ खाली हवं, मामाला जरा खिडकीकडे. प्लास्टर धरायला लागलं तरी कोणी ऐकेना. शेवटी आईने खालून सांगितलं की मी एकटीने बसवलं होतं तेव्हा इतका वेळ लागला नव्हता. दोघांनी हात जागच्या जागी धरले, आणि पान जसं होतं तसं बसलं, म्हणजे किंचित वाकडं. बाईंनी फूटपट्टी काढली. मी त्यांना म्हणाले, याला हात लावाल तर मी काम सोडेन. त्यांनी फूटपट्टी परत पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या की मला फक्त मोजून तक्त्यात लिहायचं होतं.

तो तक्ता आता दालनाच्या कपाटात लागला आहे. मामा, तुझ्यासाठी उतरवून पाठवते. नाव: कोनपान. उपयोग: दोन कारागिरांचं काम जिथे मिळतं तिथला फरक झाकणं. अर्थ: इथे दोघांनी काम केलं आणि ते पुरं केलं. कारागीर या रकान्यात मी तुम्हा दोघांची नावं लिहिली होती. बाबांनी पेन मागून घेतलं, त्याला नीट टोक आहे ना ते पाहिलं, आणि सगळ्यांत वर आईचं नाव लिहिलं.

काल दालन उघडलं. मी दिवसभर तिथेच बसून होते, पुस्तक समोर आणि डोळे वर. एका माणसानेही त्या कोपऱ्याकडे पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.

आणि ते घराचं राहिलंच. तू गेल्यावर बाबांनी जेवताना पुन्हा विचारलं. म्हणाले, आता बारा दिवस झाले, काय तो निकाल सांगून टाक. आईने त्यांच्या ताटात वाढलं, माझ्या ताटात वाढलं, चौथ्या खुर्चीकडे पाहिलं, जिथे तू पाच दिवस बसत होतास आणि जिच्यावर तुझी छत्री ठेवली होती. मग म्हणाली, घर बरोबरच होतं, त्याचा एक कोपरा तेवढा उघडा राहिला होता. जेवण झाल्यावर बाबांनी छत्री उचलली आणि दाराजवळच्या खुंटीला, आपल्या छत्रीशेजारी लावून ठेवली. पाठवू का विचारलं, तर म्हणाले नको, येईल तेव्हा नेईल.

लोभ आहेच, तो सूतभरही कमी करू नये ही विनंती.

तुमची,
कानस